वेलीचा पीळ आणि पानाच्या शिरा

प्रश्न : आईची खूण म्हणून लिनोवर (कोरून छाप काढायच्या लिनोलियमच्या तुकड्यावर) गारवेल कोरते आहे. पण छाप शोभेच्या नक्षीसारखी दिसते. शिवाय पाकळ्यांवरच्या बारीक रेषा शाई लावताना तुटतात.

उत्तर : समोरून पाहिलेलं, पूर्ण उमललेलं फूल नक्षीकडेच झुकतं. आईबद्दल नेमकं काय म्हणायचं आहे ते आधी ठरवा, मग वेलीची अवस्था निवडा. गारवेलीची कळी पिळलेली असते, फूल सकाळी उमलतं आणि काही तासांतच मिटतं. आधार धरून वर जाणं दाखवायचं असेल, तर फूल सोडून द्या. काठीला पडलेला वेढाच मोठा काढा. आमच्या मते त्या वेढ्यात फुलापेक्षा जास्त आई सापडेल.

मात्र छाप उलटी उमटते, हे विसरू नका. गारवेल साध्या स्क्रूच्या आट्यांसारखी, नेहमी एकाच दिशेने चढते. चित्र सरळच लिनोवर उतरवलंत, तर कागदावर पीळ चुकीच्या बाजूला जाईल. ट्रेसिंग पेपर पालथा घालून रेषा उतरवा. उलटा पीळ मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी. मग तोही तुमच्या खुणेचा भाग.

रेषा तुटतात, कारण गाउज (कोरायचं हत्यार) रेषेच्या खाली शिरून तिचा पाया पोखरतो आणि रोलर फिरला की माथा ढासळतो. पातं रेषेपासून बाहेर उतरतं धरा, म्हणजे पाया माथ्यापेक्षा रुंद राहील. गार लिनोचे टवके उडतात. कोरण्याआधी तो किंचित कोमट करा. सुरुवातीला १ मि.मी.पेक्षा बारीक रेष ठेवू नका.

प्रश्न : सॉफ्ट ग्राउंडवर, म्हणजे गरम धातूच्या प्लेटवर लावलेल्या मऊ मेणचट थरावर, खरं पान दाबलं, तर शिरांऐवजी काळा डाग येतो.

उत्तर : बहुधा पान ताजं आहे किंवा ग्राउंड जाड. ताज्या पानाचा रस फुटून ग्राउंड पसरतं. पान जाड पुस्तकात एक-दोन दिवस दाबा. लवचीक असतानाच वापरा, कडक झालं की चुरा होतो. देठ आणि मधली शीर जाड असेल तर ब्लेडने तासा. प्लेट गार झाल्यावर पान शिरांची बाजू खाली करून ठेवा, वर मेणकागद घाला आणि छपाईपेक्षा कमी दाबाने प्रेसमधून काढा. पान चिमट्याने सरळ वर उचला. सरकलं की शिरा पुसल्या. मग तांब्याची प्लेट फेरिक क्लोराइडमध्ये (उघड्या पडलेल्या रेषांतलं तांबं खाणाऱ्या द्रावणात) पालथी किंवा तिरकी ठेवा, नाहीतर गाळ रेषांत बसून खोली कमी पडते. हातमोजे आणि चष्मा हवाच.