फिजीत सुव्याला बदली झाली आहे. शनिवार-रविवारी भटकायला कुठे जावं?

आधी थोलो-इ-सुवाला जा. शहरापासून जेमतेम 11 किलोमीटरवर हे महोगनीचं जंगल आहे. पायवाट ओढ्याच्या काठाने उतरते आणि डोहावर बांधलेल्या दोराला लटकून थेट पाण्यात उडी घेता येते. मी सुव्यातच राहते. इथल्या किनाऱ्यावर चिखल नि खारफुटी, त्यामुळे पोहण्याची हौस भागते ती या डोहातच! पायऱ्या शेवाळून निसरड्या होतात, चांगली पकड असलेले बूट हवेतच. एखाद्या गावाच्या हद्दीतला धबधबा पाहायचा असेल तर शनिवारी जा, कारण रविवार चर्चचा. कावाची, म्हणजे इथलं पारंपरिक पेय ज्यापासून करतात त्या झाडाची, मुळं न्या, गावप्रमुखाला देऊन परवानगी घ्या. मात्र नोव्हेंबर ते एप्रिल ओढे बघता बघता फुगतात. वर पाऊस दिसला तर पाण्यात उतरूच नका.