कायदेमंडळापुढे द्यायचे उत्तर

अनेक आशीर्वाद.

कर सल्लागाराच्या नोकरीत तू जेमतेम रुळत असताना बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कमी करभरण्यावरच्या संसदीय समित्यांच्या सुनावण्या वाचायला घेतल्या गेल्या आणि मनाचा गोंधळ उडाला, हे तुझ्या पत्रात ओळीओळीतून दिसते. कंपन्यांनी कायदा मोडला नव्हता, मग त्यांची झाडाझडती घेण्याचा खासदारांना काय अधिकार, असा तुझा प्रश्न आहे. तो प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. ‘कायदा मोडला नाही’ एवढे सांगणे न्यायालयात पुरते, कायदा करणाऱ्यांपुढे पुरत नाही. कायदा बदलायचा की नाही हेच त्यांना ठरवायचे असते, आणि नफा कोणत्या वाटेने कुठे गेला हे कळल्याशिवाय ते त्यांना ठरवता येत नाही.

12 नोव्हेंबर 2012 रोजी ब्रिटनच्या लोकलेखा समितीपुढे स्टारबक्स, अ‍ॅमेझॉन आणि गूगल या कंपन्यांचे प्रतिनिधी बसले होते. त्यातले स्टारबक्सचे प्रकरण नीट वाच. ब्रिटनमध्ये 14 वर्षांत 3 अब्ज पौंडांहून अधिक विक्री आणि कंपनी कर मात्र सुमारे 86 लाख पौंड. कराच्या कागदांवर वर्षानुवर्षे तोटा, आणि गुंतवणूकदारांना मात्र तोच व्यवसाय फायद्यात असल्याचे सांगितले जात होते. विक्रीच्या 6 टक्के रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याचे शुल्क, नेदरलँड्समधल्या भगिनी कंपनीला जाई. कॉफीचे दाणे स्वित्झर्लंडमधल्या कंपनीमार्फत विकत घेतले जात आणि त्यांच्या किमतीवर 20 टक्के चढवले जात. प्रत्येक व्यवहाराला करार होता, प्रत्येक करारामागे सल्लागाराचा अहवाल होता. अ‍ॅमेझॉनच्या प्रतिनिधीला तर लक्झेंबर्गमधल्या आपल्या मूळ कंपनीची मालकी कोणाकडे आहे, हेही समितीला सांगता आले नाही. समितीच्या अध्यक्ष मार्गारेट हॉज यांनी तिथेच स्पष्ट केले होते की आरोप बेकायदेशीरपणाचा नाही, अनैतिकतेचा आहे. तू मात्र पुन्हा पुन्हा कायदेशीरपणाचाच बचाव मांडत राहिल्याचे पाहून मला खरोखर वैताग आला.

आणखी एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली आहे. करदात्याची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन कर खात्यावर असते, त्यामुळे एखाद्या कंपनीने किती कर भरला आणि का, हे अधिकारी खासदारांना सांगू शकत नाहीत. मग खासदारांनी विचारायचे कोणाला? कंपनीलाच.

त्या सुनावणीनंतर महिन्याभरात स्टारबक्सने पुढील दोन वर्षे दरवर्षी सुमारे 1 कोटी पौंड भरण्याची तयारी दाखवली. अनेकांना तो विजय वाटला, मला तो आजही अपमान वाटतो. कर ही स्वखुशीने द्यायची वर्गणी नव्हे. नफा कुठे मिळाला, या प्रश्नाचे उत्तर त्या रकमेने मिळाले नाही.

आता अमेरिकेकडे ये. मे 2013 मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे ॲपलचे प्रमुख टिम कुक हजर झाले. उपसमितीच्या तपासात पुढे आले की आयर्लंडमध्ये नोंदलेल्या एका उपकंपनीने 2009 ते 2012 या काळात 30 अब्ज डॉलर उत्पन्न मिळवले, तरी ती करापुरती कोणत्याच देशाची रहिवासी नव्हती. आयर्लंडचा कायदा कारभार कुठून चालतो ते पाहत होता, अमेरिकेचा कायदा नोंदणी कुठे झाली ते, आणि कंपनी या दोहोंच्या मधल्या फटीत बसली होती. कायदा मोडला गेलाच नव्हता, बरोबर. पण ती फट चारचौघांत दिसली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडने ती बुजवण्याची घोषणा केली. खासदारांनी कायदा बदलावा असे तुझे म्हणणे होते ना? तो असा बदलतो, आधी विचारल्याने.

मी ज्या सल्लागार संस्थेत उमेदीची वर्षे घालवली, तिथे प्रत्येक टिपणाखाली मी एकच प्रश्न लिहीत असे: नफा जिथे दाखवला आहे तिथे किती माणसे काम करतात आणि निर्णय कोण घेते? वरिष्ठ ती ओळ खोडत, पुढच्या टिपणात मी ती पुन्हा लिही. बढत्या इतरांना मिळाल्या. त्याची खंत नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण ती ओळ चुकीची होती असे मला एकदाही वाटले नाही, आणि 2015 मध्ये ओईसीडीने (मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने) 75 कोटी युरोंहून अधिक उलाढालीच्या समूहांकडून देशवार महसूल, नफा, कर आणि कर्मचारीसंख्या मागण्याचे ठरवले, तेव्हा माझा हट्ट अनाठायी नव्हता याची खात्री पटली. ती माहिती मात्र कर खात्यांपुरतीच राहिली. युरोपीय संघाने 2021 मध्ये तिचा काही भाग जाहीर करणे बंधनकारक केले, तरी अजून बरेच झाकलेले आहे.

सुनावणीत काही खासदार वर्तमानपत्रांसाठी बोलतात, हे मान्य. पण तेवढ्यावरून प्रश्न टाळता येत नाही.

उद्या एखाद्या संचालकाला समितीपुढे जाण्यासाठी तयार करण्याचे काम तुझ्याकडे येईल. तेव्हा कायद्याच्या कलमांची यादी त्याच्या हातात ठेवू नकोस. देशवार तक्ता करून घे, विक्री, माणसे, नफा, भरलेला कर असा, आणि प्रत्येक ओळीचे कारण त्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लाव. ज्या ओळीचे कारण त्याला सांगता येणार नाही, नेमके तेच समिती विचारणार आहे. ते वरिष्ठांना आवडणार नाही. तरीही तक्ता कर, आणि झाला की आधी मला पाठव.