तक्रार कोणाकडे, आभार कोणाचे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वरिष्ठ ऐनवेळी कामे गळ्यात घालतात, सुट्टीचा अर्ज आठवडाभर तसाच पडून राहतो, खोलीतला जोडीदार भांडी न घासता निघून जातो, हे सारे तू तपशीलवार लिहिले आहेस आणि त्यातले काहीही मला खोटे वाटत नाही. मात्र याच पत्रात एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे. अहवालातील आकड्यांची चूक शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या लक्षात आली आणि स्वतःचे काम संपलेले असूनही तो थांबून तुझ्याबरोबर सगळे तक्ते पुन्हा तपासत बसला, असे तू लिहितोस आणि लगेच पुन्हा वरिष्ठांकडे वळतोस. तू त्याला काही म्हणालास की नाही, हे पत्रात कुठेच नाही.

यात तुझा स्वभाव वाईट आहे असे मुळीच समजू नकोस. सायकल चालवताना समोरचा वारा क्षणोक्षणी जाणवतो. तोच वारा पाठीशी आला की थोडा वेळ बरे वाटते आणि मग त्याचा विसर पडतो. शाय डेव्हिडाई आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नेमके हेच मांडले आहे: अडथळ्यांशी झुंजावे लागते म्हणून ते लक्षात राहतात, तर मिळालेल्या साहाय्याकडे लक्ष देण्याची गरजच पडत नाही. म्हणून कृतज्ञता आपोआप मनात दाटून येण्याची वाट पाहणारा माणूस बहुधा वाटच पाहत राहतो. ती मुद्दाम आठवावी लागते.

आठवण्याचा उपयोग होतो का, हे रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी तपासले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी आणि तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपले आयुष्य एकंदरीत अधिक बरे वाटले आणि त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या. अर्थात हे सारे त्यांनी स्वतःच सांगितलेले होते, तेव्हा त्याला रामबाण औषध मानू नये. तू लिहायला घेतलेस, तर आठवड्यातून एकदाच लिही आणि नेमके लिही. ‘कुटुंब, आरोग्य, नोकरी’ अशी यादी तिसऱ्या आठवड्यात पाट्या टाकल्यासारखी होते. कोणी, केव्हा, बांधील नसताना तुझ्यासाठी काय केले, हे लिहिताना मात्र आठवावे लागते.

आता तुझ्या मनात येणारी शंका. ‘नोकरी आहे हेच नशीब समज’ असे सांगून तोंड बंद करणारी माणसे तुला भेटतील. त्यांच्यापासून सावध राहा, कारण त्यांना तुझी कृतज्ञता नको असते, तुझे गप्प बसणे हवे असते. अर्ज अडला असेल तर तो ज्याच्या हाती आहे त्याला तारखेसह लेखी विचारणे हा तुझा हक्क आहे. भांड्यांचे जोडीदाराला तोंडावर सांग. मला वाईट वाटते ते तिसऱ्याच गोष्टीचे: तीच कहाणी रोज, ज्यांच्या हातात काहीही नाही अशा लोकांना ऐकवत राहण्याचे. त्या कुरकुरीने अर्ज पुढे सरकत नाही, ऐकणारा कंटाळतो आणि सांगणाऱ्यालाही दर वेळी राग नव्याने चढतो.

राहिला तो सहकारी. इतक्या दिवसांनी आभार मानणे अवघडल्यासारखे वाटेल, हे मला ठाऊक आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात आभाराचे पत्र लिहिणाऱ्यांचा अंदाज असाच चुकला होता. वाचणाऱ्याला किती अवघडल्यासारखे होईल हे त्यांनी वाढवून धरले आणि त्याला किती आनंद होईल हे कमी धरले. तेव्हा लांबलचक भाषण न करता, कोणत्या तक्त्यातली चूक त्याने धरली आणि ती तशीच पुढे गेली असती तर तुला काय निस्तरावे लागले असते, एवढेच त्याला सांग. सुट्टीच्या अर्जाचे स्मरणपत्रही त्याच दिवशी पाठव, आणि दोन्हींचे काय झाले ते मला कळव.

तुझा,
एक हितचिंतक