वाचकांचे प्रश्न : वेल्डिंग, उजेड आणि पन्नाशीनंतरची नजर

प्रश्न : वय ५६. हल्ली हेल्मेट पाडलं की जोडच दिसत नाही, रॉड भलतीकडे टेकतो. आर्क (रॉडच्या टोकाची विजेची ज्योत) पेटल्यावर मात्र बरं दिसतं. छताला चार एलईडी ट्यूब आहेत, आणखी दोन लावू का?

उत्तर : ट्यूब वाढवून फारसं काही हाती लागणार नाही. तुमची अडचण आर्क पेटण्याआधीची आहे, आणि ती लॅम्पने सुटते. आर्क पेटल्यावर दिसत नसेल तर काच आणि चष्म्याकडे बघावं लागतं. ही दोन दुखणी वेगळी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पैसे जातात आणि दिसायचं ते दिसतच नाही.

वयाबरोबर बाहुली आक्रसते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. त्यात हेल्मेटची भर. ऑटो-डार्कनिंग (आर्क पेटताच आपोआप काळं होणारं) हेल्मेट ‘उघडं’ असतं तेव्हाही त्याची काच बहुधा शेड ४ ची (शेड म्हणजे काचेच्या काळेपणाचा क्रमांक; आकडा मोठा तेवढी काच गडद) असते, म्हणजे जेमतेम ५ टक्के उजेड आत येतो. वेल्डिंगसाठी युरोपीय मानकात ३०० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) सांगितले आहेत. तेवढे टेबलावर असले तरी काचेमागे उरतात १५. शिवाय तुम्ही जॉबवर (वेल्ड करायच्या तुकड्यावर) वाकलात की छताचा उजेड पाठीमागून येतो आणि जोडावर हेल्मेटचीच सावली पडते.

म्हणून उजेड जोडापाशी आणा. १००० लुमेनचा (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड), ३० अंशांच्या अरुंद झोताचा एलईडी लॅम्प ५० सेंटिमीटरवर ठेवला, तर ढोबळ हिशेबाने जोडावर १८,००० लक्स पडतात. तेवढ्याच लुमेनचा १२० अंश पसरणारा फ्लडलाइट त्याच जागी जेमतेम १,३०० देतो. घेताना नुसते वॉट बघू नका, झोताचा कोन विचारा. आणि अंतर दुप्पट केलंत की उजेड चौथा हिस्साच उरतो, हेही ध्यानात ठेवा.

होल्डर उजव्या हातात असेल तर लॅम्प डाव्या अंगाला, थोडा पुढे, टेबलापासून ३० ते ४५ अंश वर. उजवीकडे ठेवलात तर होल्डरची आणि मनगटाची सावली नेमकी जोडावर पडते. पाठीमागे तर कधीच नको : हेल्मेटच्या आत शिरलेला उजेड काचेच्या आतल्या बाजूवर चमकतो आणि जॉबऐवजी स्वतःचा शर्ट दिसू लागतो. मागून उजेड येणं टाळताच येत नसेल, तर हेल्मेटच्या मागच्या कडेला जाड काळं कातडं लावून ते मानेवर सोडा. लॅम्पचा झोत हेल्मेटच्या सेन्सरवर आला तर आर्क नसतानाही काच काळी होऊ शकते. तसं झालं तर आधी लॅम्पची दिशा बदला, मग सेन्सिटिव्हिटीचा नॉब थोडा कमी करा.

उजेड पुरेसा आहे का, ते बघायची सोपी रीत : जोडाशेजारी स्टीलची पट्टी ठेवा, हेल्मेट पाडा, आर्क न पेटवता पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा मोजा. मोजता आल्या तर टॅक (जोड धरून ठेवणारा छोटा टाका) नेमक्या जागी बसेल.

आणि लॅम्पला खर्च करण्याआधी जोड उजळून घ्या. काळ्या खवल्याच्या पत्र्यावर काळी फट कुणालाच दिसत नाही. दोन्ही अंगांना २०-२५ मिलिमीटर ग्राइंडरने चकचकीत केलं की मधली फट रेघेसारखी उठून दिसते. पत्रा उजळता येत नसेल तर जोडाला समांतर, १० मिलिमीटर सोडून, सोपस्टोनची पांढरी रेघ ओढा आणि तिच्या अंदाजाने हात चालवा.

प्रश्न : शेड ११ ऐवजी ९ लावली तर दिसेल का? डोळ्यांना धोका किती?

उत्तर : दिसेल, पण थेट दोन पायऱ्या उतरू नका. शेडची एक पायरी म्हणजे उजेडात सुमारे २.७ पट फरक, दोन पायऱ्या म्हणजे सात पटींच्या वर. वय झालेल्या डोळ्यात उजेड विखुरतो. आर्कचा भपका वाढला की पडलच्या (वितळलेल्या धातूच्या डबक्याच्या) कडा उलट पुसट होतात.

प्रमाणित हेल्मेटची काच शेड कोणतीही असो, अतिनील आणि अवरक्त किरण अडवतेच. शेडने ठरतो तो फक्त दिसणारा उजेड. तरी खालची मर्यादा पाळायचीच. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांतली किमान शेड आणि तिथल्या वेल्डिंग सोसायटीच्या तक्त्यातली सोयीची शेड अशी : ६० ते १६० अँपिअरला रॉड वेल्डिंगसाठी किमान ८, सोयीची १०; मिगला (तार आपोआप पुढे येणारं वेल्डिंग) किमान १०, सोयीची ११. टिगला (टंगस्टनच्या टोकाने केलेलं वेल्डिंग) ५० ते १५० अँपिअरला किमान ८, सोयीची १२. आधी गडद काच लावा, मग पडल आणि दोन्ही कडा स्पष्ट दिसेपर्यंत एकेक पायरी उतरा. काम थांबवल्यावर डोळ्यांपुढे उजळ ठिपका बराच वेळ तरळत राहिला, तर एक पायरी परत चढा.

त्याआधी हेल्मेटच्या बाहेरचं आणि आतलं, दोन्ही पारदर्शक कव्हर काढून उजेडासमोर धरा. स्पॅटरचे (उडालेल्या वितळत्या थेंबांचे) डाग असलेलं बाहेरचं कव्हर लगेच कळतं. आतल्यावर बसलेला धुराचा करडा थर कुणी बघतच नाही, आणि ‘काच खराब झाली’ म्हणत सगळं हेल्मेट बदललं जातं.

प्रश्न : प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. वेल्डिंग करताना सारखी मान वर करावी लागते, संध्याकाळी मान आखडते.

उत्तर : प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा नंबर भिंगाच्या खालच्या भागात असतो, आणि तुम्ही जोड बघता सरळ किंवा वर. म्हणून हनुवटी उचलावी लागते. उभ्या जोडाला त्रास वाढतो, ओव्हरहेडला तर त्या चष्म्याने काम होणंच अवघड.

हेल्मेट घालून, नेहमीच्या ठेवणीत बसून, डोळ्यापासून जोडापर्यंतचं अंतर दुसऱ्याकडून टेपने मोजून घ्या. ते बहुधा ३५ ते ५० सेंटिमीटर भरतं. हा आकडा डोळ्यांच्या डॉक्टरांना द्या आणि त्याच अंतराचा, एकाच नंबरचा, पूर्ण भिंगाचा पॉलिकार्बोनेट चष्मा मागा. अंदाजासाठी १०० ला सेंटिमीटरने भागा : ५० ला +२.००, ४० ला +२.५०. डोळ्याची स्वतःची थोडी ताकद शिल्लक असते, त्यामुळे डॉक्टर यापेक्षा थोडा कमी नंबर देतील. लांबचा नंबर असेल तर तो धरून हिशेब होतो. वाचनाचा चष्मा त्याहून जवळच्या अंतराचा असेल, तर त्याने जोड पुसटच राहतो आणि माणूस नकळत आर्कवर झुकतो.

दुसरा मार्ग हेल्मेटमध्ये बसणाऱ्या भिंगाच्या पट्टीचा. ५१ × १०८ मिलिमीटरची ही पट्टी काळ्या काचेच्या आत, डोळ्याच्या बाजूला सरकते. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि नंबरात सिलिंडर (ठरावीक कोनातला जादा नंबर) नसेल तर ती उत्तम. नाहीतर लांबच्या चष्म्यावर ती वापरा. प्रोग्रेसिव्हवर लावू नका; चष्म्याच्या खालच्या भागातून बघताना दोन्ही नंबरांची बेरीज होते आणि डोकं दुखतं.

प्रश्न : चुंबकाच्या बुडाचा लॅम्प जॉबवरच चिकटवतो. आर्क एका बाजूला ओढला जातो, आणि दोन लॅम्प जळाले. मशीनमध्ये दोष आहे का?

उत्तर : मशीनवर जायच्या आधी लॅम्प काढून बघा. डीसी वेल्डिंगमध्ये जोडाजवळ चुंबक आला की आर्क वाकतो, बीड (वेल्डची पट्टी) एकाच कडेला चढतं. लॅम्प टेबलाच्या पायाला किंवा वेगळ्या स्टँडला लावा, जोडापासून निदान ३० सेंटिमीटर दूर.

जळण्याचं कारण गंभीर असू शकतं. अर्थिंगचा क्लॅम्प गंजलेल्या जागी नीट बसला नसेल, तर वेल्डिंगचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो : जॉबला टेकलेली लॅम्पची धातूची बॉडी आणि तिची अर्थ वायर. ती बारीक वायर शंभर अँपिअर सोसत नाही, आवरण वितळतं आणि लॅम्पचं संरक्षण नकळत निघून जातं. क्लॅम्पखालची जागा घासून चकचकीत करा, क्लॅम्प जोडाजवळ आणा, आणि जॉबपाशी बॅटरीचा लॅम्पच वापरा. टिगच्या हाय फ्रिक्वेन्सी स्टार्टनेही स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर उडतो. लॅम्पची वायर टॉर्चच्या केबलसोबत गुंडाळू नका.

प्रश्न : उजेड वाढावा म्हणून भिंतीला चकचकीत पत्रा लावू का?

उत्तर : नको. पत्र्यावरून आर्कचे अतिनील किरण उलटून हेल्मेटच्या मागून आत येतात आणि काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेला फिका, मॅट रंग द्या. तो दिसणारा उजेड परतवतो आणि अतिनील बराचसा शोषतो.

प्रश्न : दिव्याभोवती वलय दिसतं, एका डोळ्याने धुरकट. लॅम्प वाढवू?

उत्तर : लॅम्प राहू द्या, आधी डोळे तपासून घ्या. वलय आणि धुरकटपणा ही मोतीबिंदूची लक्षणं असू शकतात, आणि त्यात उजेड वाढवला की भपकाच वाढतो. अचानक ठिपके तरळू लागले, आर्क नसताना चमका दिसल्या किंवा डोळ्यावर पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तर पुन्हा आर्कसमोर कधी बसायचं ते शल्यचिकित्सकांना विचारा, आणि जोडाचं मोजलेलं अंतर त्यांना शस्त्रक्रियेआधीच सांगा. आत कोणत्या नंबरचं भिंग बसवायचं, हे ठरवायला ते उपयोगी पडतं.