फ्रान्समध्ये ग्रॅव्हल सायकलने चार दिवस फिरायचे असेल तर नदीचे कोणते खोरे निवडावे?

आपण विचारले आहे की सप्टेंबरात चार दिवस हाताशी आहेत, सराव पुण्याच्या आसपासच्या घाटांतला आणि कच्च्या रस्त्यांवरचा आहे, तेव्हा लोआर नदीचा प्रसिद्ध मार्ग घ्यावा की दुसरे एखादे खोरे पाहावे. मी गेली नऊ वर्षे तुलूझमध्ये राहते आणि माझे उत्तर नैर्ऋत्य फ्रान्समधल्या लॉट नदीचे खोरे हे आहे. लॉटला येऊन मिळणारी सेले ही लहान नदी त्यात धरावी, म्हणजे काओर या गावापासून निघून काओरलाच परत येणारे, साधारण पावणेदोनशे किलोमीटरचे वर्तुळ पूर्ण होते. हे वर्तुळ मी तीनदा केले आहे.

लोआरचा मार्ग वाईट मुळीच नाही. सुमारे ९०० किलोमीटर अंतरभर खुणा लावलेल्या, बहुतेक सपाट वाटा आहेत आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना मी तोच सुचवेन. पण तिथे ग्रॅव्हल सायकलची, म्हणजे कच्च्या वाटांसाठी रुंद टायर असलेल्या सायकलची, गरजच पडत नाही. लॉटच्या खोऱ्यात ती पडते, कारण हे खोरे नीट पाहायचे असेल तर खोऱ्यातच राहून चालत नाही, वारंवार वर पठारावर चढून पुन्हा नदीकाठी उतरावे लागते. नदीकाठचा डांबरी रस्ता धरून सगळा प्रवास करणारे पुष्कळ सायकलस्वार मी पाहिले आहेत. त्यांना उंच कडे दिसतात, पाणी दिसते, पण ते कडे कशाचे आहेत आणि ते पाणी येते कुठून, हे काठावरून समजत नाही.

या पठाराला तिकडे ‘कॉस’ म्हणतात. ते चुनखडकाचे आहे. कोकणातला सडा ज्यांनी उन्हाळ्यात पाहिला आहे त्यांना ते चटकन ओळखीचे वाटेल: पातळ माती, खुरटी ओकची झाडे, काटेरी ज्युनिपर, आणि शेताशेतांमध्ये चुना-मातीशिवाय दगडावर दगड रचून केलेले गडगे, अगदी आपल्याकडच्यासारखे. फरक एवढाच की आपला जांभा लाल असतो आणि इथला दगड पांढरा. दुपारी त्या पांढऱ्या वाटेवरून ऊन डोळ्यांवर परतते, म्हणून गॉगल विसरू नये. डोळ्यांभोवती काळे ठिपके असलेल्या मेंढ्या इथे चरतात. जणू त्यांनीही गॉगल लावले आहेत, असे माझी मुलगी म्हणाली होती, आणि आता मलाही त्या तशाच दिसतात.

पहिल्या दिवशी काओरहून लॉटच्या प्रवाहाविरुद्ध वर जावे. बुझिएसजवळ नदीला चिकटून कड्याच्या पोटात कोरलेली एक वाट आहे. एकोणिसाव्या शतकात नावा दोरीने ओढत नेण्यासाठी ती कातळ फोडून तयार केली गेली. डोक्यावर खडक, डाव्या-उजव्या अंगाला भिंत आणि पाणी, आणि वाट अरुंद असल्याने तिथे सायकल हातात धरून चालणेच योग्य. पुढे सँ-सीर-लापोपी हे गाव नदीपासून शंभरएक मीटर उंच सुळक्यावर बसलेले आहे. आंद्रे ब्रेताँ या कवीने १९५१ साली तिथे घर घेतले होते. गाव सुंदर आहे, पण दुपारी पर्यटकांच्या गर्दीने भरून जाते, म्हणून तिथे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पोहोचावे.

दुसरा दिवस सेलेचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत मोलाचा. काब्रेरे गावाच्या वर पेश मेर्ल ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा आहे, जी १९२२ साली दोन किशोरवयीन मुलांनी शोधून काढली. अशाच चित्रांसाठी प्रसिद्ध असलेली लास्कोची मूळ गुहा १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे, इथे मात्र खरी चित्रे आजही पाहता येतात. दिवसाला ठरावीक लोकांनाच आत सोडतात, त्यामुळे वेळ आधी राखून ठेवावी लागते. सुमारे २९,००० वर्षांपूर्वीच्या दोन ठिपकेदार घोड्यांसमोर उभे राहिलात की उजवीकडच्या घोड्याच्या डोक्याकडे लक्ष द्या. तिथे खडकाची कडच मुळात घोड्याच्या डोक्यासारखी आहे आणि चित्रकाराने ती तशी ओळखली. ठिपके घोड्याच्या अंगावर आहेत तसे रेषेबाहेरही आहेत, आणि आजूबाजूला हाताचे ठसे आहेत. बाहेर येऊन पुन्हा पेडल मारू लागले तेव्हा कितीतरी वेळ मला कड्यांमध्ये प्राणी दिसत होते.

गुहेपासून फिजाकपर्यंत सेलेचा काठ शांत आहे. डांबरी रस्ता नदीशेजारून जातो, आणि हवे तिथे कच्च्या गाडीवाटेने वर पठारावर चढून पुढच्या गावाशी उतरता येते. एक चढ दीडशे ते अडीचशे मीटर उंचीचा असतो. सिंहगडाच्या घाटाची सवय असलेल्याला तो फार वाटणार नाही, पण दिवसातून तीन-चारदा चढावे लागते आणि पायाखाली सुटी खडी असते, हे लक्षात ठेवावे. फिजाक हे शाँपोलियाँचे जन्मगाव. १८२२ साली इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा हाच तो विद्वान. तिथल्या एका चौकात, त्या लिपीची किल्ली ठरलेल्या रोझेटा शिळेची प्रचंड प्रतिकृती फरशीसारखी जमिनीवर अंथरलेली आहे आणि तिच्यावरून चालता येते.

टायरबाबत मी आग्रहाने सांगते, कारण ती चूक मी केलेली आहे. पहिल्या खेपेस माझे टायर ३५ मिलिमीटरचे होते. सेलेकाठच्या मार्सियाक गावाकडे उतरताना धारदार दगडाने मागच्या टायरची बाजू बोटभर फाटली आणि आतले भोके बुजवणारे पांढरे द्रावण चाकाबरोबर फिरत माझ्या पाठीवर उडाले. टूथपेस्टची रिकामी होत आलेली नळी कापून तिचा तुकडा फाटलेल्या जागी आतून लावला, वर ट्यूब घातली, आणि त्यावर उरलेले २० किलोमीटर जीव मुठीत धरून काढले. तेव्हापासून मी ४५ मिलिमीटरचे, बाजू जाड असलेले ट्यूबलेस टायर वापरते आणि हवा जरा कमी ठेवते. सायकल भाड्याने घेणार असाल तर टायरची रुंदी आधी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. कॉसवर पाऊस पडतो, पण पाणी चुनखडकाच्या भेगांतून खाली निघून जाते. वर ओढे जवळजवळ नाहीतच, झरे फुटतात ते थेट खोऱ्यात. फिजाकहून काजार्कला जाताना किंवा काजार्कहून लिमोन्यमार्गे काओरला येताना तासन् तास दुकान लागत नाही, आणि जे लागते ते दुपारी बारा ते दोन-तीनपर्यंत बंद असते. खेड्यातल्या दफनभूमीच्या फाटकाशी बहुधा नळ असतो आणि फ्रान्समधले सायकलस्वार तिथेच बाटल्या भरतात. मात्र नळावर ‘ओ नाँ पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचे नाही. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी दुकाने बंद असण्याचा संभव अधिक, म्हणून पाव, अक्रोड आणि रोकामादूर नावाचे बकरीच्या दुधाचे लहानसे चीज पिशवीत ठेवावे. आपण शाकाहारी असल्याचे लिहिले आहे, आणि हा तर बदकाच्या मांसाचा प्रदेश आहे. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून सांगितले तर कोणीही मनापासून सोय करतात, ऐनवेळी सांगितले तर सॅलडवर भागवावे लागते.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी आपली वाट बराच काळ स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्री जाणाऱ्या यात्रेकरूंच्या पायवाटेवरून जाते. पाठीवर ओझे घेऊन शेकडो किलोमीटर चालणारी ही माणसे असतात. वारीच्या वाटेवर आपण जसे थांबून वाट देतो तसेच इथेही वागावे, दुरून घंटी वाजवावी, वेग कमी करावा आणि ‘बाँजूर’ म्हणावे. सप्टेंबरच्या मध्यापासून शिकारीचा हंगाम असतो, म्हणून भडक नारिंगी जॅकेट अंगावर असू द्या.

शेवटच्या दिवशी लिमोन्य सोडल्यावर काही अंतराने ‘कामी फेरात’ ही जुनी वाट लागते. रोमन काळापासूनची मानली जाणारी ही वाट ओकच्या विरळ रानातून कित्येक किलोमीटर सरळ जाते आणि तिच्यावर सायकल छान धावते. त्या वाटेवर पाण्याचा थेंब दिसत नाही, पण पाणी असते, पायाखाली, खोल. काओरला उतरल्यावर चौदाव्या शतकातला तीन मनोऱ्यांचा व्हालाँत्रे पूल ओलांडून गावापलीकडच्या काठावर जा. तिथे कड्याच्या पायथ्याशी ‘फाँतेन दे शार्त्रो’ हा गडद हिरवा झरा आहे. काओर शहर हेच पाणी पिते, आणि ते लिमोन्यच्या कॉसवर मुरलेले पाणी असते. मागच्या वेळी मी तिथे सायकल भिंतीला टेकवून अर्धा तास नुसती बसले होते. पांढऱ्या धुळीने पाय गुडघ्यापर्यंत माखलेले होते आणि ज्या पठारावर दिवसभर मी बाटलीतले घोट मोजून प्यायले, त्याचेच पाणी समोर भरभरून वर येत होते. तिथून काओरचे स्टेशन पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि तुलूझच्या गाड्या दिवसभर असतात.