एच-४ व्हिसा आणि नवऱ्याचं कार्ड

प्रश्न: ताई, लग्न होऊन मागच्या वर्षी मी एडिसनला आले. पुण्यात टेस्टिंगमध्ये चांगला जॉब होता तो सोडला, इथे एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसामुळे बायकोला मिळतो त्या व्हिसावर, काम करता येत नाही. नवरा स्वभावाने चांगलाय पण साधी भाजी आणायची तरी त्याचं कार्ड मागावं लागतं, माझा पासपोर्टही त्याच्याच बॅगेत असतो. बोलले की म्हणतो, तुला कमी काय आहे? सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, घरीच आहेस तर मूल होऊ दे. मीच जास्त विचार करतेय का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: नाही गं, अजिबात नाही. फक्त व्हिसाने काय अडवलंय आणि घरातल्यांनी काय, हे आधी वेगळं कर. नोकरी व्हिसाने अडवलीय, खरंय. पण एच-४ वर बँकेत खातं उघडता येतं, गाडीचं लायसन्स काढता येतं, कॉलेजला जाता येतं, त्यामुळे कार्ड मागायची वेळ काही अमेरिकन सरकारने आणलेली नाही. जॉइंट अकाउंट आणि तुझ्या नावाचं कार्ड, हे याच आठवड्यात करून घे.

नोकरीचं म्हणशील तर नवऱ्याला सरळ विचार, कंपनीने त्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनी करते तो अर्ज, फाइल केलाय का, अप्रूव्ह झालाय का? तो मंजूर असेल तर २०१५च्या नियमाप्रमाणे तुला ईएडी म्हणजे वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो, ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबायचं नसतं (आणि आपल्या लोकांची ती रांग किती लांब आहे हे तुला तिथे कळलंच असेल). हे सगळे कागद नवऱ्याच्या ईमेलवर येतात म्हणून कित्येक बायकांना पत्ताच नसतो. तोवर पुण्याच्या कंपनीचं काम घरून कर असं कोणी सुचवलं तर वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नकोस, व्हिसा अडचणीत येऊ शकतो.

सासूबाईंना उत्तर तुझ्या नवऱ्याने द्यायचं, आई त्याची आहे. आणि वेळ जात नाही म्हणून मूल, हे कसलं कारण?

पासपोर्ट मात्र आजच मागून घे. हसत दिला तर प्रश्न मिटला. टाळाटाळ केली किंवा चिडला तर ते साधं समजू नकोस. न्यू जर्सीतच 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतेय, त्यांच्याशी बोल, त्यासाठी मारहाणच व्हायला हवी असं नाही.