सुसरीला मिसिसिपीत नेऊन सोडू नका

प्रश्न असा आहे: ‘मगर म्हणजे क्रोकोडाइल आणि सुसर म्हणजे ॲलिगेटर, हा फरक बरोबर आहे का? सुसर हा शब्द आला कुठून? आणि नक्राश्रू ढाळणारा नक्र या दोघींपैकी कोण?’

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: नाही. प्राण्यांवरच्या कार्यक्रमांच्या मराठी निवेदनात, मुलांच्या चित्रकोशांत आणि स्पर्धा परीक्षांच्या वह्यांत ही जोडी इतक्यांदा घोकून घेतली आहे की आता ती खरी वाटायला लागली आहे. जगात आज ॲलिगेटरच्या दोनच जाती उरल्या आहेत. एक अमेरिकेच्या आग्नेय भागात, दुसरी चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात. ‘सुसरबाई तुझी पाठ मऊ’ ही म्हण ज्या माणसाने पहिल्यांदा म्हटली, तो मिसिसिपीच्या काठावर नक्कीच उभा नव्हता. त्याच्या समोर कृष्णेचा, सावित्रीचा नाहीतर वाशिष्ठीचा डोह होता आणि त्यात जे जनावर होतं त्यालाच आपण मगरही म्हणतो. मराठीत मगर आणि सुसर हे एकाच प्राण्याचे दोन शब्द आहेत. विषय संपला.

म्हणीतली खोच मात्र पाहून ठेवा. मगरीच्या पाठीवरच्या उंचवट्यांखाली, कातडीच्या आतच, हाडाच्या तकटी असतात. पाठ मऊ असण्याचा प्रश्नच नाही. म्हण लाचारीची आहे, प्राणिशास्त्राची नव्हे. पण लाचारी कळण्यासाठी पाठ किती टणक असते हे ऐकणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. म्हणजे ऐकणाऱ्याच्या घाटावर ती होती.

ॲलिगेटरचा घोळ इंग्रजांनी घातला. स्पॅनिश ‘एल लागार्तो’, म्हणजे नुसता ‘सरडा’, त्यावरून त्यांनी ॲलिगेटर केला आणि हिंदुस्थानात आल्यावर नदीत दिसेल त्या मगरीला तेच नाव सरसकट लावलं. १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशातही त्यांचा नेहमीचा शब्द म्हणून ॲलिगेटरच दिला आहे. त्या काळात इंग्रजी अर्थ लिहिताना ‘मगर’ आणि ‘सुसर’ या दोन्हींसमोर हे दोन्ही इंग्रजी शब्द हवे तसे पडत. पुढच्या शाळामास्तरांना वाटलं, शब्द दोन आहेत त्या अर्थी प्राणीही दोन असणार. मग एक-एक वाटून दिला.

दुसरं कारण खुद्द आपल्या मगरीच्या तोंडात आहे. क्रोकोडाइलचं तोंड निमुळतं आणि ॲलिगेटरचं रुंद, हे सगळे पाठ करतात. पण आपली गोड्या पाण्यातली मगर तिच्या कुळात सर्वांत रुंद तोंडाची आहे. भिलवडीच्या घाटावरून काढलेला फोटो बघून लोक छातीठोकपणे ‘ही ॲलिगेटर, म्हणजे सुसर’ म्हणतात. तोंडाचा आकार बघू नका, दात बघा. तोंड मिटलेलं असताना खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसला तर क्रोकोडाइल. ॲलिगेटरचा तो दात वरच्या जबड्यातल्या खळग्यात बसतो, म्हणून दिसत नाही. आणि खाऱ्या पाण्यातली मगर वेगळी ओळखायची असेल तर मान बघा. आपल्या मगरीच्या डोक्यामागे चार मोठे खवले ओळीने उठून दिसतात, खाऱ्या पाण्यातल्या मगरीला ते बहुधा नसतात. पाण्याच्या चवीवर जाऊ नका. गोव्यात मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात भरती-ओहोटीचं पाणी असतं, तरी तिथली मगर ही आपलीच मगर आहे.

काही विद्वान आणखी एक पाऊल पुढे टाकून सुसर म्हणजे घडियाल, म्हणजे लांब, बारीक तोंडाचा मगरीचा भाऊबंद, असं सांगतात. हे तर जास्तच धाडसाचं. घडियाल सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी या खोऱ्यांतला. गोदावरी-कृष्णेत तो नव्हताच. जो प्राणी कधी पाहिला नाही त्याला मराठी माणसाने घरगुती नाव दिलं आणि म्हणीत ‘बाई’ म्हणून हाकही मारली, हे कोणाला पटावं? घडियालाला घडियालच म्हणा. नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा गोळा येतो, त्या ‘घड्या’वरून पडलेलं ते नाव चांगलं बोलकं आहे.

‘मगर’ची व्युत्पत्ती सरळ आहे, मकर वरून. एकच गंमत. मराठी जिच्यातून आली त्या महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमधला ‘क’ सहसा गळून पडतो, त्यामुळे तिथे रूप ‘मअर’. मकरध्वजाचा ‘मअरद्धअ’ होतो. ‘क’चा ‘ग’ करून ठेवण्याची खोड जैनांच्या अर्धमागधीची: लोकचा लोग, श्रावकाचा सावग, तसा मकराचा मगर. म्हणजे आपली मगर महाराष्ट्रीच्या नियमाने आलेली दिसत नाही. आणि मूळ मकर तरी कुठे शुद्ध मगर होता? वेरूळच्या २१व्या लेण्यात गंगा ज्या मकरावर उभी आहे तो पाहा, किंवा कुठल्याही जुन्या मंदिरातलं मकरतोरण पाहा. कधी सोंड, कधी माशाची शेपटी. गीतेतला ‘झषाणां मकरश्चास्मि’ तर मकराला चक्क माशांत बसवतो. हिंदीवाले ‘जल में रहकर मगर से बैर’ म्हणतात आणि आपण ‘पाण्यात राहून माशाशी वैर’ म्हणतो, त्यात गीतेचा काही हात नाही, पण योगायोग झकास आहे.

आता सुसर. खरा माल इथे आहे.

सुसर आली शिंशुमार या वैदिक शब्दावरून. ऋग्वेदात (१.११६.१८) अश्विनीकुमारांच्या रथाला एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला शिंशुमार जुंपला आहे. अथर्ववेदात (११.२.२५) तो अजगराच्या शेजारी येतो. पालीत ‘सुंसुमार’ झाला, मधला ‘म’ ग्रामचा गाव होताना जसा विरघळला तसा विरघळला, शेवटचा ‘आ’ आखडला आणि राहिली सुसर. इथपर्यंत फारसं भांडण नाही. भांडण आहे ते शिंशुमार म्हणजे मुळात कोण, यावर.

संस्कृत कोशांत ‘शिशुमार’ असं रूप धरून ‘शिशूंना मारणारा’ अशी फोड करतात. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्सने तीच उचलली, आणि पुढच्याच शब्दांत अर्थ दिला: गंगेतला डॉल्फिन! मासे खाऊन जगणाऱ्या या प्राण्याने कोणाची मुलं मारली, हे साहेबांनी सांगितलं नाही. शिवाय वेदांतलं रूप अनुस्वाराचं आहे, ‘शिंशु’. ‘शिशु’ नंतर कोणीतरी अर्थ लागावा म्हणून सरळ केलेलं. अज गिळणारा तो अजगर, ही फोड सगळ्यांना माहीत होती. त्याच साच्यात शिशु मारणारा शिशुमार ओतला गेला. साचा चांगला, ओतलेला माल खोटा.

माझं मत असं, आणि ते मी सोडणार नाही: शिंशुमार हा मुळात डॉल्फिनच. पूर्वेकडे बघा. हिंदीत त्याला सूंस म्हणतात, बंगालीत शुशुक, असमियात शिहु. २००९ साली ज्याला भारताचा राष्ट्रीय जलचर ठरवलं तोच हा. हा मासा नव्हे, त्याला फुप्फुसं आहेत, म्हणून दर अर्ध्या ते दोन मिनिटांनी त्याला वर येऊन श्वास सोडावा लागतो. गढूळ पाण्यात तो दिसण्याआधी ऐकू येतो: सूंस्! आपल्याकडे सुस्कारा, सुसाट, सोसाट्याचा वारा, सगळीकडे हवा सुटण्याचा हाच आवाज. मग गंगेपासून लांब, जिथे डॉल्फिन नाही तिथे, हे नाव पाण्यातल्या दुसऱ्या लांब तोंडाच्या, दातेरी प्राण्यावर जाऊन बसलं. वानराचं काळीज मागणाऱ्या गोष्टीत हे सरकणं दिसतं: पाली जातकात सुंसुमार, पंचतंत्रात करालमुख नावाचा मकर, कथासरित्सागरात शिशुमार. गोष्ट एकच, प्राणी फिरता.

जुन्या याद्याही माझ्या बाजूने आहेत. अमरकोश ‘ग्राहोऽवहारो नक्रस्तु कुम्भीरः’ म्हणून मगरींची नावं एकत्र देतो आणि शिशुमाराला मात्र पाणमांजराच्या (उद्र) रांगेत बसवतो. चरकाच्या जलचरांत शिशुमार, कुंभीर, मकर तिन्ही वेगळे आहेत. सुश्रुत शिशुमाराला ‘पादिन्’ म्हणजे पायवाल्यांत घालतो, हे विरोधकांचं हुकमी पान. त्याच वर्गात सुश्रुत खेकडाही घालतो, एवढंच म्हणून पुढे जाऊ.

कारण सगळ्यांत मोठा पुरावा आकाशात आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात (अध्याय २३) सगळं नक्षत्रमंडळ एका शिशुमाराच्या आकारात मांडलं आहे: डोकं खाली (‘अवाक्शिरसः’), अंग वळवलेलं (‘कुण्डलीभूतदेहस्य’) आणि शेपटीच्या टोकाला ध्रुव. आता मगर डोळ्यांसमोर आणा. ती ओंडक्यासारखी लांबलचक पडते, डोकं खाली करून अंगाचं वेटोळं करत नाही. डोकं खाली, पाठीची कमान आणि शेपटी वर, ही पाण्यात बुडी घेणाऱ्या डॉल्फिनची ठेवण आहे. हो, त्याच अध्यायात मागच्या पायांवर आर्द्रा आणि आश्लेषा बसवल्या आहेत, आणि तैत्तिरीय आरण्यकातल्या शिशुमारालाही पाय आहेत, हे मला माहीत आहे. देवता आणि नक्षत्रं इतकी, अवयव थोडे, कुठेतरी बसवायला हवीच होती. वळलेलं अंग मात्र कोणाच्या सोयीसाठी घातलेलं नाही.

विष्णुपुराण (२.१२) त्या शेपटीचा नेमका तपशील देतं: अग्नी, महेंद्र, कश्यप आणि ध्रुव, ‘तारका शिशुमारस्य नास्तमेति चतुष्टयम्’. हे चार तारे कधी मावळत नाहीत. तपासायचं असेल तर सोपा हिशेब आहे. तुमच्या गावाचे अक्षांश जितके, तितक्या अंशांच्या आत ध्रुवबिंदूभोवती (ज्या बिंदूभोवती आकाश फिरतं त्याभोवती) असलेला तारा तुमच्याकडे मावळत नाही. आजच्या आकाशात ध्रुवमत्स्याची, म्हणजे ध्रुवतारा ज्यात आहे त्या तारकासमूहाची, शेपटी धरा. ध्रुवतारा बिंदूपासून पाऊण अंशाच्या आत आहे. त्यापुढचे तीन तारे साधारण साडेतीन, आठ आणि बारा अंशांवर. सांगली सुमारे १७ अंशांवर, पणजी साडेपंधरावर; दोन्हीकडे चारही टिकतात. शेपटीपुढच्या चौकोनाच्या टोकाचे दोन तारे मात्र घसरतात. त्यांतला ठळक सुमारे १६ अंशांवर आहे, तो सांगलीत जेमतेम वाचतो आणि पणजीत बुडतो. दुसरा १८ अंशांच्या थोडा पलीकडे, तो पुण्यात कागदावर वाचतो, पण क्षितिजाजवळच्या धुरकटात दिसत नाही. ताऱ्यांची ओळख पटवताना एक चूक हमखास होते: पुराणातले चार म्हणजे आजचे हेच चार, असं धरून चालतात. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी मारतो. सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवाच्या जागी कालेय या तारकासमूहातला ठुबान हा तारा होता. शिशुमाराची शेपटी तेव्हा त्या बाजूने ओढावी लागेल, आणि कालेय तर मुळातच वळणावळणाचा. माझ्या पक्षाला तेही चालतं.

लिंगाचाही वाद नेहमी येतो: तो मगर की ती मगर? मराठीत रुळलेलं ‘ती मगर, त्या मगरी’. ‘मगरमच्छ’ हिंदीतून आलेला, त्याला ‘तो’ लावा. निसर्ग हा वाद तापमानावर सोडवतो. मगरीच्या पिल्लांचं लिंग अंड्यात गर्भ राहताना ठरत नाही, काठावरच्या खड्ड्यात पुरलेली अंडी किती तापतात त्यावर ठरतं. ३१ अंश सेल्सियसपर्यंत स्थिर तापमान राहिलं तर सगळ्या माद्या, ३२.५ला नर, मधल्या तापमानांत आणि ३३च्या सुमारास दोन्ही मिसळून. दीड अंशात ‘ती’चा ‘तो’ होतो.

गोव्यात दुर्भाट-भोमच्या बाजूला पौषी अमावास्येला चिखलाची मगर करतात, पाठीवर शिंपल्यांचे खवले बसवतात. त्या विधीचं नाव माणगे थापणी, आणि मगरीला तिथे माणगें. याचा सुसरीशी संबंध नाही, पण मगरीच्या नावांची यादी करताना हा शब्द विसरतात म्हणून लिहिलं.

राहिला नक्र. संस्कृतात नक्र म्हणजे मगरच. शब्द बहुधा द्राविडी घरातला, कानडी ‘नेगळ्’ त्याच्या जवळचा. नक्राश्रू मात्र आपला जुना नव्हे. तो युरोपातल्या समजुतीवरून इंग्रजीमार्गे आला आणि वर संस्कृत झूल चढवली. खाताना डोळ्यांत पाणी येतं, हे खरं आहे. फ्लोरिडात सात पाळीव ॲलिगेटर आणि केमन (ॲलिगेटरचे जवळचे नातलग) यांना कोरड्यावर खायला घालून पाहिलं तेव्हा पाचांच्या डोळ्यांत पाणी आलं, काहींच्या तर फेस आणि बुडबुडेही. हे निरीक्षण २००७ साली छापून आलं. चावताना सुस्कारे टाकत सोडलेली हवा नाकामागच्या पोकळ्यांतून जाते आणि अश्रू बाहेर ढकलते, असा त्याचा खुलासा दिला आहे. अंगातलं जादा मीठ मगर डोळ्यांवाटे टाकते, असं कोणी सांगितलं तर थांबवा. ते समुद्री कासव करतं. मगरीच्या मिठाच्या ग्रंथी जिभेवर असतात.